रोज घालायच्या गॉथिक दागिन्यांचा काळा रंग पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

एकच अंगठी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मी चांदी काळी करायच्या द्रावणाची बरणी बंदच ठेवली आणि अंगठी भिंगाखाली धरली. जेमतेम ३ मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यावर टोकदार कमानींची ओळ, सगळी काळीभोर. म्हणजे माझ्याकडून जाताना काळीभोर. तीन आठवड्यांत ती मैत्रिणीच्या बोटावर राखाडी झाली, महिन्याभरात कमानींच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि तळहाताच्या बाजूला साधी चांदीची पट्टी उरली. आधीच्या दोन्ही वेळा मी ती पुन्हा बुडवून, पुन्हा काळी करून परत दिली होती. दुसऱ्यांदा तर द्रावण जास्त कडक केलं आणि जास्त वेळ ठेवली. तो रंग पहिल्यापेक्षाही लवकर गेला.

नाजूक गॉथिक वळणाचे, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या चर्चच्या टोकदार कमानींच्या धाटणीचे दागिने करणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, आणि सगळे आधी रसायनालाच धारेवर धरतात. रसायनाच्या चुका असतातच, त्या पुढे सांगते. पण माझ्याकडे परत आलेल्या बऱ्याचशा दागिन्यांत रंग नीट चढलेला होता. मी तो भलत्या जागी चढवला होता. जिथे बोट घासतं, बाही घासते, टेबलाची कड लागते, नेमकं तिथे.

आधी दागिना वाचा, मग बरणी उघडा

परत आलेला दागिना लगेच बुडवू नका. रंग कसा गेलाय यावरून कारण कळतं आणि एकदा पुन्हा काळा केला की तो पुरावा गेला. मला तीनच गोष्टी लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरं सुती कापड आणि साधी चिकटपट्टी.

चिकटपट्टी काळ्या भागावर दाबून लावा आणि झटकन ओढा. तिला काळे कण किंवा पापुद्रे चिकटून आले तर थर जाड आणि ठिसूळ बसलाय. चूक द्रावणाची किंवा बुडवण्याच्या पद्धतीची. पट्टी स्वच्छ निघाली तर कापडाने वीसेक वेळा घासा. कापडावर हलका राखाडी डाग येणं ठीक आहे, दाट काळपट डाग येऊन खालून चांदी दिसू लागली तर पृष्ठभाग तेलकट राहिला होता असं समजा.

दोन्ही चाचण्या ठीक निघाल्या आणि तरीही रंग गेलेला असेल, तर भिंगातून फक्त एक बघा: उंच भागावरचा गेलाय आणि खोलगटातला शाबूत आहे का? असेल, तर ती निव्वळ झीज आहे. ती कुठल्याही द्रावणाने थांबणार नाही.

आणि रंग एका दिवसात, खोलगटांसकट, सगळाच्या सगळा नाहीसा झाला असेल तर प्रश्न स्वतःला विचारू नका, घालणाऱ्याला विचारा. चांदी साफ करायच्या तयार द्रावणांत बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं आणि त्यांचं कामच मुळी हा काळा थर काढणं. काही सेकंदांत दागिना लखलखीत. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा हा घरगुती उपायही तेच करतो. माझी मावशी एकदा खूप प्रेमाने म्हणाली, "अगं, तुझं ते पेंडंट किती काळवंडलं होतं, छान उजळून आणलं बघ." त्या पेंडंटवर माझे दोन दिवस गेले होते. तेव्हापासून प्रत्येक डबीत एक चिठ्ठी असते: हा काळा रंग मुद्दाम दिला आहे, मऊ कोरड्या कापडाने पुसा, द्रावणात किंवा टूथपेस्टने साफ करू नका.

चांदीच काळ्याशी इतकी दुष्टपणे का वागते

आपण ज्याला ऑक्सिडाइज्ड म्हणतो त्यात ऑक्साइडचा फारसा संबंध नसतो. आपलं द्रावण ज्यापासून करतात ते लिव्हर ऑफ सल्फर म्हणजे पोटॅशियमच्या पॉलिसल्फाइडांचं, म्हणजे गंधकाच्या संयुगांचं मिश्रण. त्यातलं गंधक चांदीशी जुळून सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. हा रंग वरून फासलेला नसतो, चांदीचाच वरचा थर बदललेला असतो. थर अगदी पातळ असताना सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा असे रंग दिसतात, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे, आणि जाडी वाढली की करडा-काळा. हे रंग थराच्या जाडीवर ठरतात, म्हणूनच "सुरुवातीला सुंदर निळी छटा होती, नंतर मळकट झाली" ही तक्रार इतकी येते. निळी छटा रोजच्या वापरातल्या अंगठीवर टिकवता येत नाही, तो नाद सोडून द्या. कानातल्यावर थोडी टिकते.

आता गंमत अशी की दिसणाऱ्या प्रकाशात सगळ्या धातूंमध्ये सर्वांत जास्त प्रकाश परावर्तित करणारी चांदीच आहे. म्हणजे आपण सर्वांत पांढऱ्या धातूवर सर्वांत गडद रंगाची पातळशी कातडी चढवतो. ती केसाएवढी जरी खरचटली तरी रेघ लखकन दिसते.

हे मला नीट कळलं ते बर्लिनच्या लोखंडी दागिन्यांमुळे. तिथली शाही ओतशाळा १८०४ मध्ये सुरू झाली. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियातल्या लोकांनी सोनं देऊन बदल्यात लोखंडाचे दागिने घेतले, तेव्हा त्यांची मोठी लाट आली. टोकदार कमानी, खिडक्यांची जाळी, लेससारखं ओतकाम, सगळं काळं. आजच्या नाजूक गॉथिक दागिन्याचं खानदान शोधायचं तर मी तिथूनच सुरुवात करीन. तिथे काळा लेप उडाला तरी खाली गडद लोखंडच असायचं, त्यामुळे ओरखडा डोळ्यात भरत नसे. त्यांची डोकेदुखी गंज होती. आपली डोकेदुखी शुभ्रता आहे.

काळा रंग खाली उतरवा

आता मुद्द्यावर येते. उपाय रंगाच्या आधी, आखणीच्या कागदावर करायचा असतो.

गॉथिक म्हटलं की डोळ्यांसमोर काळं येतं, पण खुद्द गॉथिक इमारती काळ्या नाहीत. पॅरिसजवळच्या सें-देनीच्या मठातलं ११४४ मध्ये पूर्ण झालेलं गर्भागाराकडचं बांधकाम या शैलीचा आरंभ मानतात, आणि त्यामागची सगळी धडपड जास्तीत जास्त प्रकाश आत घेण्याची होती. काळ्याशी नातं बरंच नंतर जुळलं. १८६१ मध्ये नवरा प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने काळं धरलं आणि शोकाच्या काळ्या दागिन्यांना, विशेषतः इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या जेटला (जीवाश्म लाकडापासून झालेला काळा दगड), प्रचंड मागणी आली. आपण आज दोन्हींची सरमिसळ करतो. करायला हरकत नाही. पण अशा चर्चच्या खिडकीचा दिवसा बाहेरून काढलेला फोटो बघा. रंगीत काचा बाहेरून काळ्याच दिसतात, आणि त्या काळ्यावर दगडाची फिकी जाळी उठून दिसते. फिकं वर, काळं आत. नेमकं हेच आपल्याला चांदीत करायचंय, आणि तसं केलं की झीज आपल्या बाजूने काम करते: वरचा भाग जितका घासला जाईल तितका उजळ होईल, आतलं काळं तसंच राहील.

याचा जुना दाखला गॉथिकच्याही आधीचा आहे. ब्रिटिश म्युझियममधला फुलर ब्रोच हा नवव्या शतकातला अँग्लो-सॅक्सन दागिना, चांदीचा, पाच इंद्रियांच्या आकृती असलेला. त्याची चांदी कोरून खोलगटात निएलो भरलेला आहे. निएलो म्हणजे धातूंच्या सल्फाइडांचं काळं भरण, आपल्या थराच्याच जातकुळीतलं. हजार वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आकृती काळ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट उठून दिसतात. (निएलो घरी करून बघायच्या फंदात पडू नका, पारंपरिक मिश्रणात बहुधा शिसं असतं.)

प्रश्न असा की खोली द्यायची तर जाडी हवी, आणि नाजूक म्हटलं की पातळ हवं. इथे बरेच जण अडतात आणि वर-वर कोरून भागवतात. ०.१ मिलिमीटरची कोराई काळी करून दिली तर ती नवी असताना झकास दिसते. पण कापड आणि कातडी मऊ असतात, त्या उथळ, रुंद खाचेत सहज उतरतात आणि तळ पुसून काढतात. मी आता एक अंदाज धरते: खाचेची रुंदी खोलीच्या दुपटीहून जास्त नको, जमलं तर दोन्ही सारखी. अरुंद आणि खोल. ०.५ मिलिमीटर रुंद आणि ०.५ मिलिमीटर खोल खाचेच्या तळाला बोट पोहोचतच नाही.

ही खोली मिळवायचा माझा आवडता मार्ग दोन पत्र्यांचा आहे. मागे ०.५ मिलिमीटरचा साधा पत्रा. पुढे ०.७ मिलिमीटरचा पत्रा, त्यात बारीक करवतीने, ४/० किंवा त्याहून बारीक पात्याने, कमानींची जाळी आरपार कापायची. कापलेल्या कडा डाख (दोन तुकडे जोडणारा, लवकर वितळणारा धातू) देण्याआधीच कानशीने साफ करून घ्या, नंतर आत कानस जात नाही. मग जाळीच्या मागच्या बाजूला डाख वितळवून बसवायचा, पातळ घासायचा आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर ठेवून एकत्र तापवायचे. डाख जास्त झाला तर तो जाळीच्या कोपऱ्यांत भरून टोकदार कमानीची गोल कमान करून टाकतो. पहिल्या दोन-तीन वेळा होतंच ते. नीट जमलं की ०.७ मिलिमीटर उभ्या भिंतींचे खळगे तयार मिळतात. १४ मिलिमीटर उंच आणि ८ मिलिमीटर रुंद अशी निमुळती खिडकी या पद्धतीने केली तर तिचं वजन एक ग्रॅमच्या आत राहतं. जाडी १.२ मिलिमीटर, पण वजन पिसासारखं.

खळग्याचा तळ गुळगुळीत ठेवू नका. बारीक टोकाच्या पंचाने ठिपके मारा किंवा गोल बरने (ड्रिलला लावायच्या दातेरी टोकाने) खरखरीत करा. आरशासारख्या पॉलिशवर थर चढतो, पण धरून राहत नाही, आणि चकचकीत तळ काळा झाला तरी प्रकाश फेकतो. खरखरीत तळ प्रकाश गिळतो. निम्मा काळेपणा तिथेच येतो.

मागचा पत्रा नको असेल तर जाळी आरपारच ठेवा आणि काळा फक्त तिच्या आतल्या भिंतींवर राहू द्या. समोरून बघताना तो दिसत नाही असं वाटतं, पण दागिना जरा तिरका झाला की प्रत्येक कमानीला सावलीची रेघ येते. कानातल्यांसाठी मला हे जास्त आवडतं.

आणि मग शेवटची पायरी, जी न केल्यामुळे माझी ती अंगठी तीनदा परत आली. संपूर्ण दागिना काळा केल्यावर उंच भागांवरचा काळा आपणच काढून टाकायचा. बारीक पॉलिश पेपर सपाट काडीला चिकटवून, किंवा पॉलिशचं कापड कडक ठोकळ्यावर ताणून. मऊ बफ (पॉलिशचं कापडी चाक) वापरू नका, तो खळग्यात शिरतो. जे पंधरा दिवसांत उडणारच आहे ते टेबलावरच उडवून द्या, म्हणजे घालणाऱ्याला दागिना बदललेला दिसतच नाही. फोटोत पूर्ण काळा दागिना भारी दिसतो हे खरं आहे. पण तो फोटोतलाच दागिना असतो.

रसायनाच्या चुका

चिकटपट्टीला पापुद्रे आले असतील तर हे वाचा.

कडक, उकळतं द्रावण आणि दहा मिनिटं बुडवून ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक. चांदी काही सेकंदांत काळी होते, म्हणून वाटतं जास्त ठेवली तर जास्त मुरेल. थर लोणच्यासारखा मुरत नाही. तो वरच्या वर जाड होत जातो आणि मग भुसभुशीत होऊन सुटतो. मी वाटाण्याएवढा खडा पाव लिटर गरम पाण्यात घेते. पाणी हात लावला तर चटका बसेल इतकंच, उकळी नको. दागिना आधी साध्या गरम पाण्यात तापवून घ्यायचा, कारण गार धातू बुडवला की रंग डागाडागाने चढतो. दोन-तीन सेकंद बुडवा, काढा, धुवा, पितळी तारेच्या मऊ ब्रशने साबणाचं पाणी लावून हलकेच घासा, पुन्हा बुडवा. चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी जे सैल आहे ते ब्रशने निघून जातं आणि जे घट्ट आहे त्यावर पुढचा थर बसतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर दागिना फिका आणि दरिद्री दिसतो. घाबरू नका.

बुडवण्याआधी तेल काढा. साबण आणि सोड्याने घासून झाल्यावर दागिन्यावर पाणी सोडा. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ आहे, थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून चिकट आहे. त्यानंतर बोट लावायचं नाही. माझ्या अंगठ्याचा अख्खा ठसा एका पदकावर पांढऱ्यात उमटला होता, अगदी रेषांसकट.

बरणीचं वयही बघा. लिव्हर ऑफ सल्फरला उजेड, हवा आणि ओल तिन्ही बाधतात. खडे पिवळट-करडे आणि सडक्या वासाचे असतील तर जिवंत आहेत; पांढरे पडून वास गेला असेल तर फेकायची वेळ झाली. जेलच्या स्वरूपात मिळतं ते जास्त टिकतं.

काम झाल्यावर सोड्याच्या पाण्यात काही मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्यात धुवा. दोन पत्र्यांच्या मधे, कोंदणाच्या तळाशी किंवा पोकळ भागात द्रावण अडकून राहिलं तर ते आत काम करत राहतं आणि आठवड्याने बाहेर पिवळट ओघळ येतात. बंद पोकळी असेल तर मागे सुईएवढं भोक ठेवा.

एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका: हे द्रावण आणि आम्ल एकत्र येता कामा नये. डाख दिल्यावर ज्या आम्लात दागिना साफ करतो, त्यात द्रावणाचे थेंबसुद्धा पडू देऊ नका, सल्फाइड चढलेला दागिनाही त्यात टाकू नका. हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो विषारी आहे आणि जास्त प्रमाणात असला तर नाकाला वासच कळेनासा होतो. खिडकी उघडी, हातमोजे आणि आम्लाचं भांडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

डागडागी रंगाचं कारण पुष्कळदा द्रावणाच्याही मागे असतं. ९२.५ टक्के चांदीत उरलेलं साडेसात टक्के बहुतेक तांबं असतं. ती तापवली की तांब्याचा ऑक्साइड कातडीखाली जाऊन जांभळट-करडे ढग तयार होतात, आणि आम्लात पुन्हा पुन्हा टाकून वर जवळपास शुद्ध चांदीचा पातळ पापुद्रा येतो. एकाच दागिन्यावर असे दोन-तीन वेगवेगळे पृष्ठभाग असतील तर ते एका रंगात येणार कसे? डाखाची रेघही वेगळीच रंगते, कारण त्यात जस्त असतं. बुडवण्याआधी सगळा पृष्ठभाग एकाच बारीक पेपरने एकसारखा घासून घेतला की यातलं बरंच मिटतं. आणि आम्लात लोखंडी चिमटा घातलाय का तेही आठवा. तसं झालं की दागिन्यावर तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो. गंधक तांब्याला झपाट्याने काळं करतं, त्यामुळे आपण खूश होतो, पण तो मुलामाच इतका पातळ की काळ्यासकट पुसून जातो. माझ्या एका बॅचच्या सहा साखळ्या अशाच वाया गेल्या, आणि चिमटा कोणाचा यावरून घरात वाद झाला तो वेगळाच.

दागिना मुळात चांदीचा आहे का, हा प्रश्न विचारायला लाज वाटू देऊ नका. चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेवर थर चढतो, पण मुलाम्यातलीच चांदी खाऊन. वरून उजळायला गेलात की पिवळं दिसू लागतं. पितळेवर या द्रावणाचा रंग नीट धरत नाही आणि स्टेनलेस स्टीलवर काहीच होत नाही. काळवंडू नये म्हणून जर्मेनियम घातलेली चांदी असेल तर ती अर्थातच हट्टीपणा करते.

खडे: मोती, पोवळं, पिरोजा, ओपल हे या द्रावणात जाता कामा नयेत. आधी काळं करा, मग जडवा.

मग ब्लॅक ऱ्होडियम, लॅकर, मेण?

ब्लॅक ऱ्होडियमचा मुलामा पक्का काळा आणि देखणा असतो. ऱ्होडियम हा धातू स्वतः कठीणही आहे. पण तो मुलामा मायक्रॉनच्या अंशाइतका असतो, आणि अंगठीच्या तळहाताकडच्या बाजूला तेवढ्याने काही होत नाही. कानातल्यांना जरूर द्या. टेल्युरियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची तयार काळी द्रावणंही मिळतात. त्यांचा काळा गडद असतो आणि खळग्यात थेंब सोडायला सोयीची असतात, मात्र ती विषारी आणि दाहक आहेत. मी फक्त ब्रशच्या टोकाने आणि हातमोजे घालूनच वापरते.

पारदर्शक लॅकर अंगठीवर लावू नका. तो कडेने सुटतो, खाली घाम शिरतो आणि दागिन्याला कातडी सुटल्यासारखं दिसतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण बरं: पातळ लावायचं, वाळलं की कापडाने चमकवायचं. टिकतं काही आठवडे. उंच भागासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, खोलगटातला काळा रंग मात्र आणखी गडद दिसतो, आणि खरं सांगायचं तर मी ते त्यासाठीच लावते.

कोणाला खरोखरच वरचा पृष्ठभाग काळा हवा असेल, रोज, अंगठीवर, तर धातूला छळण्यापेक्षा आरपार काळा दगड बसवा. काळ्या ऑनिक्सचा कठीणपणा मोह्स मापावर ६.५ ते ७ आहे. बाजारात मिळणारा बहुतेक ऑनिक्स रंगवलेला अगेट असतो, पण तो रंग दगडात खोलवर शिरलेला असतो, त्यामुळे इथे चालतो. जेट दिसायला जास्त मखमली आणि वजनाला हलका, पण कठीणपणा २.५ ते ४ एवढाच. तो पदकात आणि कानातल्यात शोभतो, अंगठीत चरे पडतात.

साखळीला मी अजून समाधानकारक उत्तर शोधू शकलेले नाही. कड्या एकमेकींवर घासतात आणि आतल्या बाजूने चमकू लागतात, त्याला इलाज नाही. मी साखळी पूर्ण काळी करून, पॉलिशच्या कापडातून दोनदा ओढून, करडीच देते.

टोकांबद्दल थोडंसं

रंगाच्या तक्रारीसोबत जोडून येणारी दुसरी तक्रार म्हणजे टोकं लोकरीत अडकणं. कमानीचं बाहेरचं टोक कानशीने किंचित गोल करा, अगदी ०.३ मिलिमीटरची गोलाई पुरते, आणि आतला कोन मात्र करवतीने तीक्ष्ण ठेवा. डोळा कमानीचा टोकदारपणा आतल्या काळ्या कोनावरून वाचतो, बाहेरची गोलाई कोणाच्या लक्षात येत नाही.

परत आलेला दागिना कसा सुधारायचा

जुन्या थरावर नवा थर चढवू नका. आधी पूर्ण पांढरा करा: खडे नसतील तर फॉइल, गरम पाणी आणि सोडा, खिडकी उघडी ठेवून, कारण थोडा वास सुटतोच. मग धुवून, घासून, पाण्याची चाचणी घेऊन वरच्या पद्धतीने नव्याने. कोराई उथळ असेल तर पांढरा झाल्यावर, पुन्हा काळा करण्याआधी, खाचा खोल करून घ्या. मैत्रिणीच्या अंगठीत मी कमानींच्या मधली जागा ०.२ मिलिमीटरवरून ०.५ पर्यंत खाली नेली, पट्टी १.४ मिलिमीटर जाड होती म्हणून निभावलं. तळाला ठिपके मारले. तळहाताकडच्या अर्ध्या भागावरचं नक्षीकाम घासून सपाट केलं, तिथे काळा दिलाच नाही.

देण्याआधी आठवडाभर मी ती स्वतः घातली. भांडी घासताना, टाइप करताना, पिशव्या उचलताना. कमानींच्या कडा चकचकीत झाल्या आणि मधलं काळं तसंच होतं. मैत्रिणीच्या बोटात तिला आता चौदा महिने झालेत. मध्ये एकदा तिने विचारलं की ही अंगठी पूर्वी जास्त काळी होती ना. मी म्हटलं, हो, फोटोपुरती होती.